लहान लेकरू घेऊन फिरायचं कसं: वावरापासून मुक्कामाच्या ट्रिपपर्यंत

आमच्याकडं कोणी लहान लेकरू काखेत घेऊन बाहेरगावी निघालं की दारादारातून एकच ऐकू येतं, "काहून नेता बाई एवढ्याशा लेकराले, मोठं होऊ द्या मंग न्या." मोठं म्हणजे किती ते कोणी सांगत नाही. शाळेत गेलं की शाळा बुडते, दहावीत गेलं की दहावी आहे, आणि मग असे कितीतरी पोट्टे पाहिले ज्यांनी तालुक्याच्या पलीकडचं गाव पाहिलं ते एकदम कॉलेजात गेल्यावर. मला हे पटत नाही. माझी पोरगी आता साडेतीन वर्षाची आहे, आम्ही वर्धा जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहतो, घरी शेती आहे, चारचाकी नाही, एक मोटरसायकल आहे आणि गावात दिवसातून चार वेळा एसटी येते. एवढ्यावरच आम्ही तिला घेऊन भरपूर फिरलो, आणि कशानं जमतं कशानं फसतं ते आता बऱ्यापैकी समजलं, म्हणून एकदा सगळं बैजवार लिहून काढते. घरात एक ते पाच वर्षाचं लेकरू असेल तर हे तुमच्या कामाचं आहे.

मुख्य गोष्ट आधीच सांगते. लेकराला प्रवासाची सवय लावावी लागते आणि ती पायरीपायरीनंच लागते. आधी वावर, मग बाजाराचं गाव, मग सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायची ट्रिप, आणि सगळ्यात शेवटी मुक्काम. आम्ही हे उलटं केलं होतं, पोरगी दीड वर्षाची असताना डायरेक्ट चिखलदऱ्याला गेलो, आणि त्याचं काय झालं ते पुढं सांगते.

पहिली पायरी: आपलंच वावर

तुम्ही म्हणाल वावरात काय ट्रिप. पण दोन वर्षाच्या लेकराला घर ते वावर हा पूर्ण प्रवासच असतो, बंडीत बसायचं, हादरे खायचे, उन्हात टोपी ठेवायची, बाहेर जेवायचं, बाहेर सू करायची, झाडाखाली अंथरलेल्या चादरीवर झोपायचं. हे सगळं तिथं जमलं की मग पुढं एसटीत, स्टँडवर, धर्मशाळेत कुठंही जमतं. आम्ही आठवड्यातून एक दिवस ठरवूनच तिला न्यायचो, सकाळी आठला निघून अकराच्या आत घरी. सोबत तीच पिशवी, तीच बाटली आणि तोच डबा, जो पुढं मोठ्या ट्रिपला न्यायचा आहे.

दाखवायला तर काय नाही. मृग लागून पहिला पाऊस पडून गेला की लाल मखमली मृगाचे किडे निघतात. आमची पोरगी पहिल्यांदा पाहून धुऱ्यावर उकिडवी बसली, बोट पुढं करायची आणि मागं घ्यायची, किडा पाय आखडून गप झाला की तीही गप, तो चालायला लागला की ही हळू आवाजात "आबाजी, तो उठला." मामाजी, म्हणजे माझे सासरे अन् तिचे आबाजी, डवरं सोडून तिच्याजवळ येऊन बसले, अर्धा तास आमचं काम बंद. दिवाळीच्या आसपास कापूस फुटतो तेव्हा बोंडातून कापूस ओढून काढायला द्या, सरकी हाताला लागते ती दाखवा. थंडीत ज्वारीचा हुरडा, फेब्रुवारी-मार्चात पळस फुलतो तेव्हा फुलं वेचून रात्रभर पाण्यात भिजवून होळीचा रंग. याला पैसे लागत नाहीत, मोठ्या माणसाचा वेळ मात्र लागतो.

पण वावरात नेताना काही गोष्टी अगदी डोळ्यात तेल घालून पाहायच्या आणि इथं मी कोणाचंही ऐकत नाही.

फवारणी. जुलै ते ऑक्टोबर कपाशी-सोयाबीनवर फवारे चालू असतात. आपल्या वावरात फवारा मारला असेल तर लेकराला निदान आठवडाभर तिकडं न्यायचं नाही, आणि शेजाऱ्याच्या वावरात पंप चालू दिसला तर तिथूनच माघारी फिरायचं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, ती मोठी धडधाकट माणसं होती, लेकराचं वजन तर दहा-बारा किलो. औषधाची रिकामी कॅन कितीही धुतली तरी तिच्यात पाणी न्यायचं नाही, आणि औषध थंड पेयाच्या बाटलीत काढून ठेवायची काही घरात सवय असते ती आजच मोडा.

शेततळं. २०१६ मध्ये मागेल त्याला शेततळे योजना आली तेव्हापासून आपल्याकडं तळी खूप झाली. आत प्लास्टिक अंथरलेलं असतं, ते इतकं निसरडं की पोहता येणारा मोठा माणूससुद्धा आपल्या बळावर वर येऊ शकत नाही. ज्या वावरात कुंपण नसलेलं तळं किंवा कठडा नसलेली विहीर आहे तिथं लेकराला खाली सोडायचंच नाही, एक माणूस फक्त लेकराकडं पाहायला पाहिजे आणि त्याच्या हातात दुसरं काम नको. "आपलं लक्ष आहे" असं चार जण म्हणतात तेव्हा खरं तर कोणाचंच नसतं.

तिसरं म्हणजे रानडुकरासाठी लावलेली झटका मशीनची तार, दिवसा बंद आहे हे मालकाला विचारून खात्री केल्याशिवाय तिकडून जायचं नाही. आणि पावसाळ्यात गवतात थेट बसवायचं नाही, चादर टाका, पायात बूट-मोजे घाला, घरी आल्यावर काखा, मान, जांघा नीट पाहा. २०१८ मध्ये आपल्या विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली होती, गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यानं होतो तो. चाव्याच्या जागी काळी खपली आणि जोडीला ताप असला तर घरगुती काही करत बसू नका, डॉक्टरला खपली दाखवा आणि वावरात गेलो होतो हे सांगा, लवकर समजलं तर औषधानं बरा होतो.

दुसरी पायरी: एसटीनं बाजाराच्या गावी

वावरात तीन-चार महिने रुळलं की मग एसटी. वीस-पंचवीस किलोमीटर, तासाभराचा प्रवास, बाजाराचं गाव. पहिल्या वेळेस काही काम काढून जाऊच नका. फक्त गाडीत बसायचं, स्टँडवर उतरायचं, लेकराला केळं घेऊन द्यायचं, दुसऱ्या गाड्या दाखवायच्या आणि परत. काम असलं की आपण घाईत असतो आणि घाई लेकराला लगेच कळते, ते चिडचिड करतं.

तिकिटाचं सांगते कारण पुष्कळांना माहीत नसतं. एसटीत पाच वर्षाच्या आतल्या लेकराला तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं तिकीट. बायांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरीच्या वरच्या आजी-आबाजींना फुकट, आधार कार्ड सोबत ठेवायचं. म्हणजे मी, पोरगी आणि आजेसासूबाई असे तिघी तालुक्याला जाऊन आलो तर माझंच अर्धं तिकीट लागतं. जन्मतारखेवरून कधी प्रश्न आला तर लेकराच्या आधार कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये असू द्या.

बसायचं कुठं? मधल्या सीटा सगळ्यात चांगल्या. मागच्या सीटवर हादरा जास्त, चाकावरच्या सीटवर पाय ठेवायला अडचण. लेकरू खिडकीकडं पण आपला हात त्याच्या पोटावरून खिडकीच्या दांडीला, म्हणजे हात बाहेर काढता येत नाही आणि ब्रेक लागला तर समोर आपटत नाही. अरुंद रोडवर दोन गाड्या क्रॉस होताना किती जवळून जातात ते आपल्याला माहीत आहे. पोरगी आता स्वतःच सांगते, "हात आत, नाही तं गाडी नेते."

गाडीत वेळ कसा जातो हा मोठा प्रश्न असतो आणि बहुतेक जण मोबाईल देऊन मोकळे होतात. मी देत नाही, एक तर खाली पाहून मळमळतं आणि दुसरं म्हणजे मग लेकरू बाहेर काहीच पाहत नाही. आमचा खेळ असा आहे, घरून निघतानाच ठरवायचं की आज काय मोजायचं. एक दिवस बैल, एक दिवस विहिरी, एक दिवस लाल फटफटी. तिला दहाच्या पुढं येत नाही, दहा झाले की पुन्हा एकपासून. एकदा आमच्या मागं बसलेल्या एका आबाजींनी हे ऐकलं आणि तेही मोजायला लागले, "बाई, थे पाय तिकडं, खिलारी जोडी," असं करत फाटा कधी आला कळलंच नाही, उतरताना त्यांनी तिच्या हातात एक पेरू दिला.

निघण्याआधी परतीच्या गाडीचा टाइम विचारून ठेवायचा, जायची गाडी तर मिळतेच. आमच्याकडं मुक्कामी गाडी सकाळी सहाला निघते, ती थंड्या वेळची, तिच्यात लेकरू पुन्हा झोपून जातं, म्हणून तीच धरायची. परतीला शेवटच्या गाडीच्या भरवशावर राहायचं नाही, तिच्या आधीची धरायची, म्हणजे ती चुकली तरी एक हातात राहते. काळी-पिवळीत मागच्या फळीवर दाटीवाटीनं बसून मी लेकरू नेत नाही, तास-दीड तास थांबावं लागलं तरी चालेल.

सू-शीचं मोठ्यानं कोणी बोलत नाही पण खरी अडचण तीच आहे. रुंद तोंडाचा घट्ट झाकणाचा एक प्लास्टिकचा डबा ठेवा, जुना चालतो, त्याच्यावर फुली मारून ठेवा म्हणजे स्वयंपाकात जाणार नाही. गाडी थांबवायचा प्रश्न येत नाही. तरी चढतानाच कंडक्टरला सांगून ठेवायचं, "भाऊ, लहान लेकरू आहे, कुठं दहा मिनिटं थांबणार असली तं सांगा." आजपर्यंत मला एकानंही नाही म्हटलं नाही.

मोटरसायकलचं वेगळं सांगावं लागते

गावात लेकरू म्हटलं की टाकीवर बसवून नेतात, आमच्या घरीही तसंच होतं. मी ते बंद केलं आणि त्यासाठी घरात चार दिवस बोलाचाली झाली. टाकीवरचं लेकरू ब्रेक लागला की हँडलवर आणि मीटरवर आपटतं, झोप लागली की बाजूला कलंडतं, आणि चालवणाऱ्याचे दोन्ही हात तर हँडलला.

नियमही आहे याचा. १५ फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षाच्या लेकराला मोटरसायकलवर नेताना मागं बसवून चालवणाऱ्याला जोडलेला सेफ्टी बेल्ट लावायचा, डोक्याला मापाचं हेल्मेट घालायचं, सायकलचं हेल्मेटही चालतं, आणि गाडी चाळीसच्या वर पळवायची नाही. बेल्ट जाकीटसारखा असतो, लेकराला घालायचा आणि त्याचे पट्टे चालवणाऱ्याच्या खांद्याला-कमरेला येतात. आम्ही ऑनलाइन मागवला, पहिले दोन दिवस ती रडली, मग बाहुलीला पण बेल्ट पाहिजे म्हणून रडली, तिला ओढणीचा बांधून दिला. मोटरसायकलवर एका दमात पंधरा-वीस किलोमीटरच्या वर मी नेत नाही, आणि अंधारात तर नाहीच, आपल्या रोडवर रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर कधी आडवं येईल सांगता येत नाही.

तिसरी पायरी: एका दिवसाची ट्रिप

इथं बहुतेकांचं गणित चुकतं. आपण ठिकाणांची यादी करतो आणि लेकराला त्या यादीत बसवतो. उलटं करा. आधी कागदावर लेकराचा दिवस लिहा, किती वाजता उठते, किती वाजता भूक लागते, दुपारी किती ते किती झोपते. आमची पोरगी एक ते तीन झोपते. म्हणजे एक ते तीन आम्ही गाडीत असायला पाहिजे, आणि ठिकाण पाहायचं ते सकाळी नऊ ते साडेबारा. जागेपणी ठिकाण, झोपेत प्रवास. आणि एका दिवशी एकच ठिकाण. "आलोच आहो तर तेही पाहून घेऊ" हे वाक्य ज्याच्या तोंडून निघेल त्याला तिथंच थांबवा.

पहिली ट्रिप सेवाग्राम आश्रमाची करा असं मी सगळ्यांना सांगते. वर्ध्याहून आठ-दहा किलोमीटर, ऑटो मिळतो. गांधीजी १९३६ मध्ये इथं राहायला आले, त्यांचं आदि निवास, बापू कुटी, सगळी मातीची कवेलूची घरं, आणि हेच लेकराला जवळचं वाटतं, आमची तर म्हणाली, "हे आपल्या आजीचं घर आहे." मोठमोठी झाडं, झाडलेलं अंगण, गाड्यांचा धोका नाही, पळायला मोकळी जागा. फक्त तिथं शांतता पाळतात म्हणून आत जायच्या आधी "आता हळू आवाजाचा खेळ" असं सांगून ठेवा. जवळच पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम आहे, तोही सुंदर, पण वेगळ्या दिवशी, आणि घाटाच्या पायऱ्यांवर हात सोडायचा नाही.

नागपूर करायचं असेल तर वर्ध्याहून रेल्वेनं. रेल्वेत पाच वर्षाच्या आत वेगळी सीट मागितली नाही तर तिकीट नाही. नागपूरला लोक लेकराला मॉलमध्ये नेतात, मला वाटते मेट्रो दाखवावी. २०१९ मध्ये सुरू झाली, सीताबर्डीहून कोणत्याही बाजूनं चार-पाच स्टेशन जायचं आणि परत यायचं, थोड्याशा पैशात खेड्यातल्या लेकराला जे पाहायला मिळते ना, गाडी वर आणि रोड खाली, काचेला नाक लावून पोरगी एक शब्द बोलली नाही पूर्ण रस्ता. रेल्वेचं वेड असलेल्या लेकराला मोतीबागेचं नॅरोगेज रेल्वे म्युझियम आहे, जुनी छोटी इंजिनं. रमण विज्ञान केंद्र पाच-सहा वर्षाच्या पुढंच न्या, आधी नेऊन उपयोग नाही.

लोणारच्या सरोवराबद्दल खूप जण विचारतात. उल्का पडून झालेलं, जवळजवळ पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद, २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं आणि त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं. लेकराला "आभाळातून दगड पडला अन् हा खड्डा झाला" एवढं सांगितलं की त्याचे डोळे मोठे होतात, पुढं दोन महिने प्रत्येक खड्ड्याला तेच विचारतं. पण खाली उतरणं तीन वर्षाच्या लेकराचं काम नाही, येताना उचलूनच आणावं लागतं. काठावरून पाहा, गोमुख पाहा, गावातलं दैत्यसूदन मंदिर पाहा, तेवढं भरपूर झालं.

ताडोबाचं स्पष्ट सांगते, पाच वर्षाच्या आत नको. पहाटे उठवायचं, उघड्या जिप्सीत तीन-चार तास, धूळ, आवाज करायचा नाही, मधात उतरता येत नाही, वाघ दिसेलच असं नाही. तेवढ्या पैशात लेकराचे पाच दिवस आनंदात जातात. जायचंच असेल तर मंगळवारी बंद असते आणि जुलै ते सप्टेंबर कोअर एरिया बंद राहतो हे पाहून ठरवा.

आणि एक ट्रिप जी तारखेवर आहे ती चुकवू नका, तान्हा पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आपल्या विदर्भाचीच गोष्ट आहे ही. लाकडी बैल सजवून पोट्टे रांगेत उभे राहतात, खाऊ मिळतो. मोठ्या गावचा तान्हा पोळा पाहायला न्या, आपल्या लेकराचा बैल सोबत घेऊन. चाकाच्या बैलाला दोरी लांब ठेवा, आखूड असली की बैल सारखा उलटतो आणि मग रडारड.

डबा आणि पिशवी

एक पिशवी कायमची भरून खुंटीला टांगून ठेवायची, निघताना फक्त खाणं आणि पाणी टाकायचं. आमच्या पिशवीत असतात कपड्यांचे दोन जोड, माझा एक जास्तीचा कुर्ता कारण उलटी आईच्याच अंगावर होते, जुन्या लुगड्याचं मोठं दुपट जे चादर, सावली, पाळणा, पडदा सगळं होते, चार-पाच प्लास्टिक पिशव्या, एक ओला रुमाल डब्यात घालून, साबणाची वडी, टॉर्च, ओआरएसची दोन पाकिटं, थर्मामीटर, तापाचं औषध आणि त्यावर डॉक्टरनं वजनाप्रमाणे सांगितलेला डोस चिठ्ठीवर लिहून चिकटवलेला. लसीच्या कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये.

खाण्यात दशमी सगळ्यात भरवशाची, दुधात कणीक भिजवून केलेली, दिवसभर मऊ राहते. पोळीचा गूळ-तूप घालून मलिदा, केळी, मुरमुरे, संत्र्याच्या फोडी बिया काढून. भात-वरण उन्हाळ्याच्या दिवसात सकाळचं दुपारपर्यंत टिकत नाही, नेऊ नका. आता एक महत्त्वाचं, प्रवासात आपण फुटाणे-शेंगदाणे खातो आणि लेकराच्या हातातही दोन देतो. चार-पाच वर्षाच्या आत अख्खे फुटाणे, शेंगदाणे, बोरं, अख्खी द्राक्षं द्यायची नाहीत, गाडी हादरली की दाणा घशात नाही तर श्वासनळीत जातो. कूट करून द्या, द्राक्ष उभं चिरून द्या. आलूबोंडा, तर्री पोहे आपण खावे, लेकराला साधे पोहे बाजूला काढून मागा, हॉटेलवाले देतात.

ऊन आणि पाऊस

आपल्याकडं फिरायचे महिने म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्च अर्धा चालतो. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसपर्यंत जातो, नवतपा तर विचारूच नका. तेव्हा लग्नाला जावंच लागते, मग सकाळी दहाच्या आत पोहोचायचं आणि पाचनंतरच निघायचं, मधात काहीही होवो बाहेर काढायचं नाही. सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, कानावरून ओला दुपट्टा, दर वीस मिनिटांनी दोन घोट पाणी, मागितलं नाही तरी. सासूबाई पोरीच्या खिशात कांदा ठेवतात, मी ठेवू देते, त्यांचा जीव आहे तिच्यात, पण कांद्याच्या भरवशावर उन्हात फिरवत नाही. लेकरू पाच-सहा तास सू करत नसेल, मलूल पडलं असेल, अंग तापलेलं असेल तर सावलीत घ्या, साध्या पाण्यानं अंग पुसत राहा आणि लगेच दवाखाना गाठा. ओआरएसचं पाकीट नसेल तर एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, घोट-घोट द्यायचं. मीठ जास्त पडू देऊ नका.

पावसाळ्यात एकच नियम, पुलावरून पाणी चालू असेल तर गाडीवाल्यानं कितीही म्हटलं "निघून जाते ना बाई," उतरून जायचं आणि अलीकडंच थांबायचं.

घाट, उलटी आणि आमचं चिखलदरा

आता ते चिखलदरा. अकराशे मीटरच्या वर उंची, विदर्भातलं एकमेव थंड हवेचं ठिकाण, सगळे जातात म्हणून आम्हीही एक खासगी गाडी ठरवून निघालो. पहाटे चारला पोरीला झोपेतून उचललं, परतवाड्याला तिनं पोटभर दूध घेतलं आणि लगेच घाट लागला. पहिल्या दहा-बारा वळणांतच तिनं सगळं दूध ओकून टाकलं, मग पुन्हा, मग नुसतं पाणी. यादीत पाच पॉइंट होते. दुसऱ्या पॉइंटवर ती माझ्या खांद्यावर मान टाकून पडली होती आणि सगळे म्हणत होते फोटो काढून घेऊ. मी त्या दिवशी खूप रडले, कारण तिला होणारा त्रास दिसत होता आणि गाडी वळवा म्हणायला मला दोन तास लागले.

दोन वर्षांनी पुन्हा गेलो आणि तेव्हा काय बदललं ते सांगते. परतवाड्यालाच अर्धा तास थांबलो, लेकराला कोरडी दशमी दिली, दूध नाही. घाटात खिडकी उघडी, नजर लांब डोंगरावर, मांडीवर झोपवलं नाही, सरळ बसवलं. संत्र्याचं साल नाकाजवळ धरायला दिलं, आमच्या पोरीला त्यानं बरं वाटते. ड्रायव्हर दादाला आधीच सांगितलं की हळू घ्या, आणि घाटाच्या अर्ध्यात दहा मिनिटं उतरून पाय मोकळे केले. उलटीचं औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय द्यायचं नाही, मोठ्यांची गोळी अर्धी करून तर कधीच नाही. पॉइंट पाहिला एकच, भीमकुंड, आणि भीमानं कीचकाला मारून दरीत टाकलं ती गोष्ट सांगितली, कॉफीची झाडं पाहिली, परत. ती अजून विचारते भीम आता कुठं आहे.

चौथी पायरी: मुक्काम

पहिला मुक्काम ओळखीच्या घरी, मामाकडं, आत्याकडं, कुठंही, पण घराबाहेर. झोपताना घरचीच गोधडी आणि घरचीच उशी न्या, वास ओळखीचा असला की झोप लागते. त्यानंतर शेगाव. आमच्याकडून रेल्वे थेट जाते, बडनेरा-अकोल्यावरून, घाट नाही, भक्त निवासाची खोली स्वच्छ, प्रसादाचं जेवण साधं, लेकराला चालणारं. कचोरी तुम्ही खा. गुरुवार, एकादशी, प्रकटदिन टाळा, त्या दिवशी गर्दीत लेकराला पायच दिसतात.

खोलीत गेल्या-गेल्या सामान ठेवायच्या आधी लेकराच्या उंचीवर बसून पाहायचं, उघडा प्लग, गरम पाण्याचा नळ, खिडकीचे गज एकमेकांपासून किती लांब, आतून कडी कुठं आहे. कडीवर रुमाल बांधून टाका म्हणजे लेकरू आतून लावून घेत नाही.

गर्दीत हरवायची भीती सगळ्यांनाच असते. निघताना सकाळीच त्या दिवसाच्या कपड्यात लेकराचा एक फोटो काढून ठेवा. हातावर बॉलपेननं मोबाईल नंबर लिहा, गळ्यात चिठ्ठी नको, ती निघते. "हरवलं तर पळायचं नाही, जिथं आहे तिथंच उभं राहून आईचं नाव ओरडायचं" हे घरी खेळून शिकवा, आम्ही अंगणात लपाछपीसारखं खेळलो, माझं पूर्ण नाव तिला तसंच पाठ झालं. पोलिसांचा ११२, मुलांच्या मदतीचा १०९८, आणि ॲम्ब्युलन्सचा १०८, तीनही नंबर मोबाईलमध्ये सेव्ह. १०८ ला पैसे लागत नाहीत. साप चावला तर तीच बोलवायची, पाय-हात हलू द्यायचा नाही, दोरीनं आवळायचं नाही, चिरायचं नाही, सरळ सरकारी दवाखाना, तिथं सापाच्या विषावरची लस मिळते. कुत्रं चावलं तर पंधरा मिनिटं साबणानं वाहत्या पाण्याखाली धुवायचं आणि त्याच दिवशी इंजेक्शन सुरू करायचं, चटणी-हळद भरायची नाही.

परतीचा दिवस आणि त्याच्या नंतरचा दिवस रिकामा ठेवा. लेकरू घरी आल्यावर एक दिवस चिकटून राहते, जास्त झोपते, जेवायला कुरकुर करते, ते थकवा असते, दृष्ट लागली म्हणून लगेच मीठ-मोहऱ्या घेऊन बसू नका, फक्त ताप तेवढा पाहत राहा. आणि त्याच रात्री, कितीही कंटाळा आला तरी, पिशवी रिकामी करून ओले कपडे बाहेर, डबा घासून, वापरलेल्या ओआरएसच्या जागी नवीन पाकीट टाकून पिशवी पुन्हा खुंटीला. आमची पोरगी आता ती पिशवी खुंटीवर दिसली की खालून हात लावून पाहते, जड लागली की चप्पल घालून दारात जाऊन उभी राहते.